सत्यवान चार बोटं अधांतरी

"ह्या गावात माझ्याइतको सुरक्षित माणूस दुसरो मेळाचो नाय," असं सत्यवानने तिठ्यावरच्या दुकानात, खिळ्यांच्या डब्यावर हात ठेवून जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून या गोष्टीला सुरुवात होते. असं जाहीर करणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, हे तुम्हाला-आम्हाला ठाऊक असतं. त्याला स्वतःला तेवढं ठाऊक नसतं, म्हणून तर गोष्टी घडतात.

सत्यवान मूळचा छपरावरचा माणूस. आचऱ्यापासून खाडीपर्यंत कुणाची कौलं परतायची असोत, नारळ काढायचे असोत, लग्नाच्या मांडवावर झावळं घालायची असोत, सांगावा त्यालाच जायचा. जमिनीवर तो चारचौघांसारखाच होता, किंबहुना थोडा बुजराच. पाहुणे आले की मागच्या दाराने विहिरीवर जाणारा. पण एकदा आढ्यावर बसला की त्याला कंठ फुटायचा. वरून त्याला सगळं दिसे. कुणाची होडी किनाऱ्याला लागली, टोपलीत बांगडा आहे की पेडवे, मालवणच्या एसटीतून कोण उतरलं, कुणाची सून माहेराहून परत आली. तो वरून बातम्या द्यायचा आणि खाली बायका त्यावरून चुलीवर काय ठेवायचं ते ठरवायच्या.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर शेजारच्या गोठ्यावर तो चढला असताना वाळवीने खाल्लेला वासा मोडला आणि सत्यवान बातमी अर्धी सोडून थेट शेणाच्या खड्ड्यात उतरला. गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी माणूस शाबूत राहिला. "शेणान वाचवल्यान," असं गाव म्हणू लागलं. "मी नेम धरूनच पडलंय," असं सत्यवान म्हणू लागला.

त्याच्या बायकोला, सुगंधाला, यातला विनोद काही दिसला नाही. ती रडली नाही की ओरडलीही नाही. हात गळ्यात अडकवून तो इस्पितळातून घरी आला, त्या दिवशी तिने त्याची शिडी नेऊन देवळात देऊन टाकली.

"दर ज्येष्ठात मी वडाक सूत गुंडाळतंय," ती म्हणाली, "ता काय तुमी झाडावरसून नि छपरावरसून पडूक मोकळे व्हावात म्हणान? उद्यापासून चंदनच्या दुकानात बसा."

चंदन म्हणजे तिचा भाऊ. तिठ्यावर त्याचं खिळे, बिजागऱ्या आणि रंगाचं दुकान. सत्यवान तिथे बसू लागला आणि आठवडाभरात सुकत घातलेल्या कोळंबीच्या सोड्यासारखा दिसू लागला. दुकानाला वर स्लॅब होता. मान वर करून पाहिलं तर कौल नाही, वासा नाही, साधी पालसुद्धा नाही. गिऱ्हाईक बिजागरी मागे आणि हा कुलूप देई. लोक रस्त्यावरून जात आणि हा त्यांचे पाय पाहात बसे, कारण दुकान रस्त्यापेक्षा खोल होतं आणि गल्ल्यावरून तेवढंच दिसायचं. ज्याने आयुष्यभर माणसांचे माथे पाहिले, त्याला चपला पाहण्याची पाळी आली. त्याला फार वाईट वाटायचं, पण सुगंधाला सांगायची सोय नव्हती, कारण ती खरोखरच घाबरली होती आणि ते त्यालाही कळत होतं.

अशात कुणीतरी सांगितलं, की उंचीवर काम करणाऱ्यांसाठी कुडाळला एका संस्थेने मोफत वर्ग काढलाय. सत्यवान बिजागऱ्यांचा माल आणायला जातो असं सांगून कुडाळला गेला आणि वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसला.

शिकवणारी होती अनुजा. वेंगुर्ल्याची पोरगी, वयाने त्याच्या मुलीएवढी, आवाज मात्र बंदरावर मासळीचा लिलाव करणाऱ्या बाईचा. अंगभर घालायचा पट्टा कसा बांधायचा, हेल्मेटचा बंद हनुवटीखाली का हवा, दोरीची कडी कशाला अडकवायची आणि कशाला नाही, सगळं तिने करून दाखवलं.

"कडी नेहमी डोक्याच्या वर," ती बजावून सांगायची. "पायाशी लावलीत तर दुप्पट पडाल. आणि दोरीतली ही जाडी घडी बघा. झटका बसला की तिची शिवण उसवते आणि ती लांब होते, म्हणून तुमची कंबर मोडत नाही. पण लांब होते, हे विसरायचं नाही. खाली तेवढी जागा मोकळी नसेल तर पट्टा असूनही पाय आपटतात."

सत्यवान मान डोलवत होता. जेवणात बांगड्याचं तिखलं आणि भात होता. जेवणानंतर शेवटचा धडा होता, लटकलेल्या माणसाला खाली कसं घ्यायचं याचा, आणि त्या धड्याला सत्यवान बसल्या जागी डोळे मिटून गाढ हजर होता. जागा झाल्यावर त्याने मनाची समजूत घातली, की उतरण्यात काय शिकायचंय? उतरता येतं म्हणून तर आज आपण इथे बसलोय.

घरी आला तो संस्थेने दिलेला पट्टा अंगात घालूनच. मांड्यांवर पट्टे, छातीवर पट्टे, पाठीवर कडी आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. सुगंधा दारात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"ह्यां काय? म्हशीचां दावां अंगाक कशाक बांधलास?"

"दावां नाय गो. सुरक्षा ती," सत्यवान म्हणाला. "आता पडूचो प्रश्नच नाय. पडलंय तरी पडूचंय नाय."

सुगंधाने त्याच्याभोवती एक फेरी मारली, पट्टा ओढून पाहिला, कडी वाजवून पाहिली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडेही पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच तो चेहरा आढ्यावर बसलेल्या माणसासारखा दिसत होता. तिला ते नाकारता येईना आणि कबूलही करता येईना.

"बरां," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत, आपल्या खळ्यात, हवेत लोंबकळान दाखवा. आणि आपल्या पायांनी खाली उतरा. कोणी हात लावूचो नाय. कोणाक तुमका उचलून काढूचां लागलां, तर हो पट्टो म्हशीक आणि तुमी चंदनच्या दुकानात. मगे परत वर जातंय म्हणान तोंड उघडूचां नाय."

तिचं बोलून व्हायच्या आधीच सत्यवान कबूल होऊन बसला होता. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात, खिळ्यांच्या डब्यावर हात ठेवून, त्याने ते सुरुवातीचं वाक्य जाहीर केलं.

त्याने अनुजाला फोन लावला आणि तिचा वर्ग आपल्या वाडीतच बोलावला. आंब्याचे दिवस तोंडावर होते, निम्मी वाडी झाडावर आणि उरलेली छपरावर असायचे दिवस. अनुजा आनंदाने तयार झाली. फक्त एक गोष्ट तिने फोनवरच स्पष्ट केली.

"पडून दाखवायला माणूस वापरायचा नाही, काका. वाळूचं पोतं वापरायचं."

ही अट सत्यवानने घरी सांगितली, तेव्हा सुगंधाने एवढंच विचारलं, "पोतां पडलां तर पोत्याच्या बायकोक काय होता? माका पोत्याचां दाखवू नकात." त्यात काही चूक काढता येईना. तेव्हा सत्यवानने मनाशी ठरवून टाकलं, की पोत्याची जागा आयत्या वेळी आपण घ्यायची. अनुजा रागावेल, पण रागावलेल्या माणसाला नंतर सोलकढी देता येते.

वर्गाच्या दिवशी खळं भरून गेलं. घरासमोरच्या त्या सारवलेल्या अंगणात पुरुष उकिडवे बसले, बायका पडवीत बसल्या. खळ्याच्या कडेला सत्यवानच्या आजोबांनी लावलेला फणस होता, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याचा. अनुजाने वरची भक्कम फांदी निवडली, तिच्यापासून जमिनीपर्यंत मापं घेतली, दोरी तोलली आणि पोतं भरून घेतलं. पोतं वर बांधायला सत्यवान चढला. देवळातून तेवढ्यापुरती परत आणलेली शिडी, अंगात पट्टा, डोक्यावर हेल्मेट. पडवीतून सुगंधा बघत होती.

आता इथे एक अडचण होती, ती गावाची. आपल्याकडे विहिरीवर पंप बसवायचा असो की शाळेच्या पोरांची सहल निघायची असो, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातल्याखेरीज कशालाही हात लागत नाही. आणि गाऱ्हाणं घालायचा मान बाबली गावकारांचा. बाबलीआजोंचं वय झालेलं, दात गेलेले, पण देवाशी बोलायचा आवाज अजून खणखणीत. ते आले ते सावकाश, काठी टेकत, खांद्यावर टॉवेल टाकून.

"आजोबा, थोडक्यात घाला हां," अनुजा घड्याळ बघत म्हणाली.

"बाय माझे," बाबलीआजो म्हणाले, "गाऱ्हाण्याक घाई चलना नाय. अर्ध्यार सोडलां तर काम पण अर्ध्यार लोंबकळता."

सगळे उठून उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. वेंगुर्ल्याचीच मुलगी ती, अनुजानेही हात जोडले. आणि वर फणसावर, पोतं बांधून झालेल्या सत्यवाननेही आता इथूनच हात जोडावेत असं ठरवलं.

पण वरच्या फांदीवर तांबड्या मुंग्यांनी पानं शिवून घर केलं होतं. अनुजाने दाखवलेली जागा नेमकी त्यांच्या दारात. तेव्हा सत्यवानने थोडी तडजोड केली. तो माडीच्या उंचीच्या खालच्या फांदीवर उतरून उभा राहिला, आणि आपल्या दोरीची कडी त्याच फांदीला, पायांपाशी अडकवली. गाऱ्हाणं संपेपर्यंतचाच तर प्रश्न होता. शिवाय पडायचं होतंच, कुठून पडतो याला काय महत्त्व? गाऱ्हाणं संपताक्षणी "बघ गो सुगंधा" असं म्हणायचं आणि पाऊल पुढे टाकायचं, असा बेत होता. त्याने दोन्ही हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," बाबलीआजोंनी सुरुवात केली, "आज ही सगळी लेकरां तुझ्या पायांकडे जमली आसत…"

"व्हय म्हाराजा," खळं म्हणालं.

"ह्यां जां काय उंचावरच्या कामाचां शिक्षण मांडलां आसा…"

"व्हय म्हाराजा."

"तेच्यात कोणाची वायट नजर आडवी येत आसात, घरची, दारची, वाटेवरची…"

"व्हय म्हाराजा."

वाईट नजर नव्हती, पण मुंग्या होत्या. वरच्या घरातून त्यांचं एक पथक सत्यवानच्या मानेवर उतरलं, कॉलरमधून आत शिरलं आणि पट्ट्याखाली येऊन अडकलं. मोकळी मुंगी चावते आणि पुढे जाते. पट्ट्याखाली दबलेली मुंगी जाणार कुठे? ती तिथेच राहून काम करते. सत्यवान देवभोळा माणूस, गाऱ्हाण्यात जोडलेला हात खाली येणं शक्य नव्हतं. त्याने दात आवळले, पोटरी दुसऱ्या पोटरीवर घासली, खांदा कानाला लावला. मग एका मुंगीने मांडीवरच्या पट्ट्याखाली अशी काही जागा निवडली, की सत्यवानने हात जोडलेल्या अवस्थेतच फांदी सोडली.

फर्रर्र!

दोरीतली ती घडी शिवणीवर शिवण सोडत उसवत गेली, फांदी वाकली, हेल्मेट नाकावर आलं, आणि सत्यवान जमिनीकडे निघाला तो जमिनीला न पोचताच थांबला. एकदा वर, एकदा खाली, आणि मग स्वतःभोवती सावकाश गिरकी घेत स्थिर झाला.

"आयायो, मेलंय रे मी," त्याच्या तोंडून गेलं.

नेमके बाबलीआजो दम घ्यायला थांबले होते.

"व्हय म्हाराजा," मिटल्या डोळ्यांनी खळं म्हणालं.

"माका कोण तरी बघा रे…"

"व्हय म्हाराजा."

सवयीचा भाग होता तो. वाक्य कुणाचंही असो, थांबलं की पुढचं ठरलेलं. "चावतत रे माका, खंय खंय चावतत" यालाही लोकांनी मोठ्या भक्तिभावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि मग पडवीतली एक पोर खुदकन हसली, तशी एकेकाने डोळे किलकिले केले.

समोर सत्यवान लटकत होता. हात अजून जोडलेलेच. निम्म्या लोकांना वाटलं, हाच कार्यक्रम. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकल्या आणि सत्यवान एकदम सावरला. अरे, पडलो की आपण! आणि पडूनसुद्धा पडलो नाही. हाड जागेवर, कंबर जागेवर, पट्टा पक्का. त्याने हेल्मेट वर सारलं, मुंग्या विसरला आणि पडवीकडे तोंड येईपर्यंत गिरकीची वाट पाहून म्हणाला, "बघितलंस गो? बोललंय होतंय मी तुका."

"बघितलंय," सुगंधा म्हणाली. तिचा हात अजून तोंडावर होता. "आता उतरा."

"उतरतंय," सत्यवान म्हणाला आणि पाय खाली सोडले.

पाय खाली होतेच. पण जमीन अजून खाली होती. त्याने टाच ताणली, चवडा ताणला, अंगठा ताणला. शेण सारवलेलं स्वतःचं खळं, रोज जिथे नाचणी वाळते ते, अंगठ्यापासून चार बोटांवर होतं. चार बोटं म्हणजे काही अंतर नव्हे. पण ज्याच्या पायाखाली ती रिकामी असतात त्याला विचारा. बरं, कडी पाठीवर, तिथे हात पोचेना. पुढची बकलं सोडावीत तर अंगाचा सगळा भार त्यांच्यावर, ती हलेनात. सत्यवान पोहल्यासारखे पाय मारू लागला, तशी त्याची गिरकी पुन्हा सुरू झाली. एकदा घर दिसे, एकदा माड दिसत, मग परत घर.

अनुजा धावत आली. तिने फांदी पाहिली, कडी पाहिली, पाय आणि जमीन यांच्यामधली जागा पाहिली. ऑफिसची मराठी तिच्या तोंडातून क्षणात उडाली.

"ओ काकानू, काय केलास ह्यां? पायाशी कडी? ही चार बोटां आसत ना, ती नसती तर आज दोनी पाय गळ्यात घेवन बसला असतात!" मग वळून ती लोकांना म्हणाली, "चला, धरा त्यांना. वर उचला, म्हणजे मी मागची कडी काढते."

चारजण पुढे झाले.

"कोणी हात लावूचो नाय!" सत्यवान वरून, म्हणजे चार बोटं वरून, गरजला. "जो हात लावीत, तेच्या घरावर मी परत चढाचंय नाय."

चारीजण थांबले. पावसाळा दूर नव्हता आणि कौलं सगळ्यांचीच गळत होती.

"आणि गाऱ्हाणां संपाक नाय," बाबलीआजोंनी डोळे न उघडताच दटावलं. "मधीच हललास तर मी जबाबदार नाय. गप रवा. बा देवा म्हाराजा, हो जो सत्यवान आज फणसाक लोंबकळता हा…"

"व्हय म्हाराजा," लोक जागच्या जागी उभे राहून म्हणाले.

"तेका जशी पडूची बुद्धी दिलंस, तशी उतरूची पण दी…"

"व्हय म्हाराजा."

अनुजा सत्यवानच्या कानाशी आली आणि दबक्या आवाजात बोलू लागली. "काका, हट्ट करू नका. पट्ट्यात असं लटकत राहिलं की मांड्या आवळतात, पायातलं रक्त पायातच राहतं. माणूस लटकल्या लटकल्या बेशुद्ध पडतो. म्हणून आधी उतरवायची तयारी करायची आणि मगच वर जायचं. शेवटचा धडा होता तो. तुम्ही होता ना?"

"होतंय," सत्यवान म्हणाला. "पण थोडो बाजूक होतंय."

त्याच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या, या खेपेला आतून. आणि इथे सत्यवान पहिल्यांदा घाबरला. पडताना त्याला भीती वाटली नव्हती, लटकतानाही वाटली नव्हती. पण गिरकीबरोबर पडवी समोर आली, तिथे मेव्हणा चंदन उभा होता, आणि सत्यवानला एकदम तो स्लॅब दिसला. खिळ्यांचे डबे आणि गल्ल्यासमोरून जाणाऱ्या चपला दिसल्या. कुणी हात लावला की संपलं. उरलेलं आयुष्य मान खाली घालून. आणि नाही लावला, तर पाय गेले. त्याने अनुजाकडे पाहिलं नाही, चंदनकडे पाहिलं नाही, घर समोर आल्यावर फक्त सुगंधाला शोधलं.

ती जागेवर नव्हती. ती उठून घरात गेली होती.

"कोयतो आणूक गेली," कुणीतरी कुजबुजलं. "दोर तोडतली."

"म्हशीक आणूक गेली," दुसरा म्हणाला. "पट्टो नव्या मालकाक दाखवूक."

सुगंधा बाहेर आली, तिच्या हातात पाट होता. फणसाच्या लाकडाचा जेवायला बसायचा पाट, रोज दुपारी सत्यवान ज्याच्यावर बसून भात कालवतो तो. ती सरळ खळ्यात आली. गाऱ्हाण्यासाठी उभी असलेली माणसं बाजूला झाली. नवऱ्याच्या अंगाला तिने बोट लावलं नाही. वाकून पाट जमिनीवर ठेवला आणि पायाने सरकवत सरकवत त्याच्या चवड्यांखाली नेला.

"पाय ठेवा," ती म्हणाली.

सत्यवानने अंगठे ताणले. लाकूड लागलं. मग चवडे टेकले, टाचा टेकल्या, गुडघे ताठ झाले आणि पाठीवरची दोरी सैल पडली. त्याने आधी मांड्यांची बकलं सोडली, मग छातीचं, आणि साप कात टाकतो तसा पट्ट्यातून बाहेर आला. पट्टा रिकामाच झुलत राहिला. सत्यवान पाटावर उभा होता, स्वतःच्या पायांवर. ते पाय लगेच लुळे पडले आणि तो मट्कन पाटावर बसला, ही गोष्ट वेगळी.

"…आणि जसो ह्येका सुखरूप उतरवलंस, तशी सगळ्या लेकरांका उतरव रे म्हाराजा," बाबलीआजोंनी शेवट केला आणि डोळे उघडले. बरोबर वेळेवर काम झालेलं पाहून त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"व्हय म्हाराजा," खळं म्हणालं, आणि यात सत्यवानचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

अनुजाने त्याला आधी गाडीत घालून आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि जाता-येता दोन्ही वाटांनी त्याची खरडपट्टी काढली. परत आल्यावर खळ्यातली माणसं अजून तशीच बसलेली होती, कारण खरा प्रश्न अजून सुटायचा होता. चंदन तो विचारायला टपलाच होता. दुकानात त्याला माणूस हवा होता, बिजागरीच्या जागी कुलूप देणारा का असेना.

"मगे ताई, काय ठरलां? उद्या दुकानात धाडतंस मां भावोजींका?"

सगळे सुगंधाकडे बघू लागले. सत्यवान सोलकढीची वाटी हातात धरून वाटीतच बघत राहिला.

"कोणी हात लावल्यान काय तेंका?" सुगंधाने विचारलं.

"हात नाय लावल्यान. पण पाट…"

"पाट माझ्या घरचो," सुगंधा म्हणाली. "माझ्या घरच्या पाटार उतारलो माणूस, तो आपल्या पायांनीच उतारलो. दुकानाक दुसरो कोण तरी बघ."

सत्यवानने सोलकढी एका घोटात संपवली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि वाटीमागे तोंड लपत होतं. अनुजाने मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. शेवटचा धडा पुन्हा बसून पूर्ण केल्याखेरीज शिडीला हात लावायचा नाही, असं तिने फर्मावलं. सत्यवान कुडाळला जाऊन तो धडा शिकून आला. या खेपेला सुगंधाही बरोबर गेली आणि जेवणात त्याला नुसती पेज दिली.

आता तुम्ही त्या बाजूला गेलात तर सत्यवान तुम्हाला छपरावरच दिसेल. कडी डोक्याच्या वर, हेल्मेटचा बंद हनुवटीखाली, उतरवायचा दोर आधीच बांधून ठेवलेला, सगळं अनुजाने शिकवल्याप्रमाणे. "ह्या जिल्ह्यात माझ्याइतको सुरक्षित माणूस दुसरो मेळाचो नाय," असं तो हल्ली म्हणतो. गावावरून जिल्ह्यावर गेलाय. होड्यांच्या आणि एसटीच्या बातम्या पूर्ववत सुरू झाल्या आहेत.

फक्त एक आहे. काम कुणाचंही असो, खाली सावलीत फणसाचा पाट मांडलेला असतो आणि त्याच्यावर सुगंधा बसलेली असते, कधी लसूण सोलत, कधी वाल निवडत. नवीन घरमालक विचारतात, की घर तर दुमजली, हा एवढासा पाट कशासाठी? सत्यवान ऐकू न आल्यासारखं करतो आणि एखादं कौल ठोकून बघतो.

मधेच खालून सुगंधा मान वर न करता विचारते, "कडी लावलास?"

उत्तर यायला जरा उशीर झाला की ती पाटावरून उठू लागते. तेवढ्यात शेजारपाजारच्या पडव्यांतून, विहिरीवरून, माडाखालून निम्मी वाडी एका सुरात उत्तर देते. पण ते सुगंधाला चालत नाही. ती तशीच अर्धवट उठलेली थांबते, आणि मग जिल्ह्यातला सगळ्यांत सुरक्षित माणूस आढ्यावरून दोन्ही हात जोडून, अगदी हळू आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा."